पाकाशिवाय वडी

गेल्या जानेवारीत गावी गेलो होतो, संगमनेरजवळ. सकाळी काकांबरोबर गोठ्यामागच्या वावरात फिरताना कांद्याच्या कडेला एक हिरवंगार, दाट, गव्हासारखं दिसणारं पीक दिसलं.

"काका, गहू इतका दाट का पेरलाय?"

"गहू कुठला? ओट हाये तो. गाईंना."

मी खिशात हात घातला. खिशात माझा नाश्ता होता. चकचकीत कागदातली ओट्सची वडी, पुण्याहून निघताना उचललेली. काकांनी ती हातात घेतली, कागदावरचं कणसाचं चित्र बघितलं, मग किंमत बघितली आणि शांतपणे परत दिली.

"म्हंजी आमच्या गाई लई दिवसांपासून डाएटवर हायेत म्हणायच्या."

काकांचं बरोबर होतं. आपल्याकडे ओट हे रब्बीतलं चाऱ्याचं पीक. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले हरिता' हे वाण त्यासाठीच आहे. फुलोरा आला की कापायचं आणि गव्हाणीत टाकायचं. दाणा भरेपर्यंत थांबायचं कारणच नसतं. त्यामुळे काकांनी ओट वर्षानुवर्षं पेरला, पण ओट्स कधी चाखले नाहीत. मी ओट्स रोज खातो, पण ओट उभा असलेला पहिल्यांदा बघत होतो.

पुण्याला परतल्यावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की काकांचा विनोद फार जुना आहे. इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये 'ओट्स' या शब्दाचा अर्थ देताना हाच चिमटा काढला होता. इंग्लंडमध्ये हे धान्य सहसा घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये मात्र त्यावर माणसं जगतात, अशा अर्थाचं त्याने शब्दकोशात लिहून ठेवलं.

मी मात्र विनोदासाठी वाचायला लागलो नव्हतो. मी घाबरून वाचायला लागलो होतो.

सहा चमचे

कंपनीची बस कोथरूडहून सकाळी सातला सुटते. नाश्ता करून ती पकडणं मला चार वर्षांत जमलेलं नाही. म्हणून दोन वड्या बॅगेत टाकायच्या आणि बसमध्ये खायच्या. कागदावर 'पौष्टिक', 'ओट्स', 'फळं' असं सगळं लिहिलेलं असल्यामुळे अपराधी वाटायचं नाही. उलट शेजारच्या सीटवर वडापाव उघडला गेला की थोडा गर्वच वाटायचा.

मग कंपनीची वार्षिक तपासणी झाली. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझं वय २८. बाबांना मधुमेह चाळिशीत झाला होता, त्यामुळे आई रिपोर्ट बघून काही बोलली नाही. ती फक्त चहाची साखर बंद करून मोकळी झाली.

त्या रात्री मी पहिल्यांदा वडीच्या कागदाची मागची बाजू वाचली. ४० ग्रॅमच्या वडीत १२ ग्रॅम साखर. दोन वड्यांत २४. चहाच्या चमच्याने मोजली तर सहा चमचे. चहातला एक चमचा वाचवून मी बसमध्ये सहा चमचे खात होतो.

ठरवलं की आपणच भाजायच्या. ओटीजी विकत आणला. ओट्स, सफरचंद, दाण्याचा कूट असं सगळं कालवून ताटलीत थापलं आणि अर्धा तास भाजलं. वास सुंदर आला. सुरी लावली आणि वडीचा भुगा झाला. तो चमच्याने खाल्ला.

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाक कुठल्या तारेचा घेतलास?"

"पाक नाही केला. साखरच टाळायची आहे ना."

"अरे, पाकाशिवाय वडी बसेल कशी?"

आईला हा स्वयंपाकातला प्रश्न वाटत होता. मला तो इंजिनिअरिंगचा वाटला. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत जे वाचलं त्यावरून आता वाटतं की हातात धरून खायच्या पौष्टिक नाश्त्याचा अख्खा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरतो.

खोगिराखालचा तवा

आधी अडचण समजून घेऊ. गव्हाची कणीक मळली की ताणते, कारण गव्हातली प्रथिनं पाण्याबरोबर ग्लुटेनची जाळी विणतात. ओट्समध्ये तशी जाळी होत नाही. ज्वारीचं पीठ आठवा. गरम पाण्यात मळून, हलक्या हाताने थापून भाकरी जमते, पण लाटायला गेलात की तुटते. ओट्स त्याच जातकुळीतले. ते धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं.

प्रवासात खायचे ओट्स ही कल्पना मात्र आजची नाही. १३२७ मध्ये इंग्लंडच्या फौजा उत्तर सीमेवर स्कॉटिश स्वारांचा पाठलाग करत होत्या. त्या मोहिमेत असलेल्या जाँ ल बेल या इतिहासकाराने या स्वारांची शिधा बांधायची पद्धत लिहून ठेवली आहे. पुढे फ्रॉयसार्टने ती त्याच्याकडून घेतली आणि प्रसिद्ध केली. प्रत्येक स्वाराच्या खोगिराखाली एक चपटा तवा आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी. अर्धकच्चं मांस खाऊन पोट बिघडलं की जाळ करायचा, तवा तापवायचा, पीठ पाण्यात कालवून पातळ भाकरी भाजायची आणि पुढे निघायचं. त्यामुळे या सैन्याला भांडी आणि रसद वाहणाऱ्या गाड्यांची गरज पडत नसे.

इथे पीठ धरून ठेवायचं काम पाणी आणि आच करत होती. साखर नाही, फळ नाही. तुकडे पडले तरी तक्रार करणारं कोणी नव्हतं. आणि ही भाकरी आठवडाभर टिकावी अशी अपेक्षाही नव्हती, कारण टिकायचं ते पीठ आणि भाकरी रोज ताजी.

भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी

यानंतरची मोठी गोष्ट अमेरिकेत घडते, आणि तीही स्वयंपाकघरात नाही, आरोग्यधामांत.

न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल नावाच्या गावी जेम्स केलेब जॅक्सन यांचं जलोपचाराचं आरोग्यधाम होतं. रोग्यांना मांस, दारू, चहा-कॉफी बंद. १८६३ मध्ये त्यांनी त्यांच्यासाठी 'ग्रॅन्युला' नावाचा पदार्थ केला. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या लाद्या भाजायच्या, फोडायच्या, पुन्हा भाजायच्या आणि भरडायच्या. दोनदा भाजल्यामुळे पाणी जवळजवळ सगळं उडून जाई, म्हणून ते टिकत असे. आपला चहात बुडवायचा टोस्ट याच तत्त्वावर महिनोन्महिने डब्यात राहतो. पण ग्रॅन्युला इतका कडक असे की आधी बराच वेळ दुधात किंवा पाण्यात भिजवावा लागे.

दहा-बारा वर्षांनी न्यूयॉर्क शहरात एक तरुण बेलव्ह्यूच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. भाड्याची खोली, हातात पैसे कमी, सकाळी वेळ त्याहून कमी. तो सफरचंदं आणि बिस्किटं खाऊन दिवस काढायचा. ओट्सची लापशी शिजवायला फार वेळ जातो, हे त्याला सलायचं. पुढे त्याने आठवण सांगितली आहे की शिजवून तयार असलेलं धान्य दुकानात का मिळू नये, हा विचार त्याच्या डोक्यात त्या दिवसांत आला. हा तरुण म्हणजे जॉन हार्वी केलॉग. तो १८७५ मध्ये डॉक्टर झाला.

हे वाचताना मी थबकलो. पाठ्यपुस्तकी इतिहासात शोध लावणारे लोक प्रयोगशाळेत असतात. इथे तर माझ्यासारखाच एकटा राहणारा, घाईत असलेला, घरच्यांपासून लांब आलेला पोरगा होता. आणि त्याचं वय तेव्हा माझ्यापेक्षा कमी होतं.

१८७६ मध्ये त्याच्याकडे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामाची सूत्रं आली. तिथे त्याने गहू, ओट्स आणि मका यांच्या पिठाची बिस्किटं खरपूस भाजून भरडली आणि नाव दिलं, 'ग्रॅन्युला'. जॅक्सन यांनी अर्थातच हरकत घेतली. मग एक अक्षर बदललं आणि 'ग्रॅनोला' हा शब्द जन्माला आला. आज जो शब्द कॅफेच्या फळ्यावर दिसतो तो मुळात नावाच्या भांडणातून निघालेली पळवाट आहे.

या दोन्ही डॉक्टरांनी चिकटपणाचा प्रश्न सोडवलाच नाही. त्यांनी वडी मुद्दाम फोडली. भुगा दुधात घालून चमच्याने खायचा. म्हणजे बसून खायचा. पण डॉक्टरसाहेबांचा धाकटा भाऊ विल याला आरोग्यधामाबाहेरचं गिऱ्हाईक दिसत होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला गोड हवं होतं. कॉर्नफ्लेक्समध्ये साखर घालण्यावरून भावांचं बिनसलं. १९०६ मध्ये विलने स्वतःची कंपनी काढली. बाजारात कोण जिंकलं ते तुम्हाला माहीत आहे.

डब्यावरची पाककृती

तोवर ओट्सचंही नशीब पालटत होतं. फर्डिनांड शूमाकर हा जर्मनीहून आलेला गिरणीवाला ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये ओट्स भरडून पिंपांत विकायचा. अमेरिकेत तेव्हा हे घोड्यांचं खाणं समजलं जाई. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला ओट्स पुरवून त्याचा जम बसला. पण भरड ओट्स शिजायला वेळ खात. १८७० च्या दशकात ओहायोतच एक युक्ती रुळली. दाणे वाफवायचे आणि रुळांखाली चपटे करायचे. पातळ पोह्यात पाणी लवकर शिरतं, तसंच. आपल्या हाती येणारे ओट्स हे असे ओटचे पोहेच आहेत. दाण्याला उष्णता देण्याचा आणखी एक फायदा असतो. ओट्समध्ये स्निग्धांश बराच असतो आणि तो खवट करणारं विकर दाण्यातच बसलेलं असतं. उष्णतेने ते निकामी होतं, म्हणून ओट्स टिकतात.

१८७७ मध्ये 'क्वेकर' हे चिन्ह नोंदवलं गेलं. काही वर्षांनी हेन्री क्रॉवेल यांनी ती गिरणी घेतली, आणि पिंपातला सुटा माल बंद डब्यात आला. त्यांनी डब्यावर पाककृती छापायला सुरुवात केली. लापशी रोज किती खाणार? पाव करा, बिस्किटं करा, म्हणजे डबा लवकर संपेल. १८९६ मध्ये निघालेल्या फॅनी फार्मर यांच्या गाजलेल्या पाकपुस्तकात ओटच्या कुकीज आहेत. लोणी, अंडं आणि साखर आली, आणि ओट्स हातात धरता येतील असे गोड होऊन बसले.

इंग्लंडमध्ये हेच काम काकवीच्या एका बहिणीने केलं. १८८० च्या दशकात लंडनमधल्या एब्रम लाइल यांच्या साखर कारखान्यात साखर काढल्यावर उरणारा पाक शुद्ध करून डब्यात भरायला सुरुवात झाली. हे 'गोल्डन सिरप'. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ओट्स, लोणी आणि हा पाक एकत्र भाजून कापलेल्या वड्यांना तिकडे 'फ्लॅपजॅक' म्हणू लागले. आजही इंग्लंडमध्ये सकाळच्या घाईत लोक कॉफीबरोबर तो उचलतात. आईला त्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "ही तर चिक्कीच आहे."

आहेच. पाक थंड होताना घट्ट होतो आणि कण एकमेकांना धरून बसतात. शिवाय साखर पाणी स्वतःकडे ओढून ठेवते, त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही आणि वडी टिकते. चिकटवणं, टिकवणं आणि चव, ही तिन्ही कामं एकच स्वस्त पदार्थ करत असेल तर कारखानदार दुसरं काही का शोधेल? मीही शोधलं नसतं.

किसलेलं सफरचंद

एका माणसाने मात्र ओट्स आणि फळ एकत्र आणले ते पाकाशिवाय. झुरिकचे डॉक्टर मॅक्स बिर्खर-बेन्नर. आल्प्समध्ये भटकताना एका मेंढपाळाने दिलेल्या साध्या जेवणावरून त्यांना हा पदार्थ सुचला, असं सांगतात. १९०४ मध्ये त्यांनी झुरिकच्या डोंगरावर आरोग्यधाम काढलं आणि तिथे तो रोग्यांना देऊ लागले. आपण त्याला 'म्युझली' म्हणतो.

मूळ कृती वाचली तर आजच्या पाकिटाशी नातं लागत नाही. माणशी फक्त एक मोठा चमचा ओट्स, रात्रभर पाण्यात भिजवलेले. त्यात लिंबाचा रस, थोडं आटवलेलं गोड दूध, भरडलेला सुकामेवा, आणि एक मोठं सफरचंद, सालीसकट, अगदी मधल्या भागासकट किसून, तेही खायच्या ऐन वेळी. म्हणजे हा ओट्सचा पदार्थच नव्हता. हे सफरचंदाचं जेवण होतं, ओट्स फक्त सोबतीला. डॉक्टरसाहेबही त्याला सफरचंदाचाच पथ्याचा पदार्थ म्हणत.

आरोग्याच्या दृष्टीने हा सगळ्यांत प्रामाणिक नाश्ता. पण तो बसमध्ये नेता येत नाही. किसलेलं सफरचंद दहा मिनिटांत काळं पडतं. त्याला ताटली, चमचा आणि समोर बसायला वेळ लागतो. बिर्खर-बेन्नर यांच्या उपचारातला मोठा भाग तो वेळच असावा, असं मला आता वाटतं.

चिखलापासून बॅगेपर्यंत

पुढची गोष्ट तीच, फक्त वेगाने. साठच्या दशकात कारखान्यातल्या खाण्याला विटलेल्या अमेरिकन हिप्पींनी विस्मृतीत गेलेला ग्रॅनोला पुन्हा शोधला. या वेळी तो भरडलेला नव्हता. अख्खे ओट्स, तेल, मध, बेदाणे, सगळं एकत्र भाजलेलं. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात पावसाच्या चिखलात अडकलेल्या प्रचंड गर्दीला 'हॉग फार्म' या कम्यूनच्या लोकांनी कागदी पेल्यांतून तो वाटला.

कंपन्यांविरुद्धच्या बंडाचा हा नाश्ता सहा वर्षांत कंपनीच्या कागदात आला. १९७५ मध्ये जनरल मिल्सने 'नेचर व्हॅली' या नावाने ग्रॅनोला बार बाजारात आणला. ऐंशीच्या दशकात बार मऊ झाले आणि त्यांत चॉकलेट आलं. आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सबद्दल एक दावा छापायला परवानगी दिली. संतृप्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराबरोबर ओट्समधलं बीटा-ग्लुकन हे विरघळणारं तंतू रोज ३ ग्रॅम घेतलं, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा.

दावा खरा आहे. मी फक्त गणित मांडून बघितलं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण ४ टक्के. म्हणजे ३ ग्रॅमसाठी ७५ ग्रॅम ओट्स. माझ्या दोन वड्या मिळून वजनच ८० ग्रॅम, त्यातली २४ ग्रॅम साखर, मग तेल, मग चॉकलेटचे तुकडे. कागदावरचा शब्द खरा आणि कागदातली वडी वेगळी.

दीडशे वर्षांत हे दोनदा घडलं. डॉक्टर किंवा हिप्पी एखादं साधं खाणं काढतात, ते हातात धरता यावं म्हणून कोणीतरी त्यात पाक ओततं, आणि नाव जुनंच राहतं. यात कोणी खलनायक शोधायची मला गरज वाटत नाही. पाक ओतायला लावणारा माणूस मी आहे, सातची बस पकडणारा.

आंबोण

आमच्या घरी भट्टी नव्हती. दिवाळीला पीठ, तूप, साखर डब्यात भरून आई बेकरीत जायची आणि भाजलेली नानकटाई घेऊन यायची. भाजणं हे बाहेरचं काम. त्यामुळे फेब्रुवारीत ती पुण्याला आली तेव्हा ओटीजीपुढे खुर्ची टाकून बसली आणि काचेतून बघत राहिली. माझा चौथा प्रयोग होता. पिकलेली केळी कुस्करून घातली होती. केळ्याने वडी धरली, पण मधे चिखल राहिला.

"जवस आहेत का?" तिने विचारलं. चटणीसाठी तिनेच दिलेले होते. दोन चमचे जवस भरडून तिने पाण्यात भिजवले. पंधरा मिनिटांत वाटीत बुळबुळीत, चिकट लगदा तयार. तिला त्यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, भिजलेले जवस बोटाला कसे चिकटतात एवढं ठाऊक होतं.

आता रविवारचा हिशेब ठरलाय. २५० ग्रॅम ओट्स, चार चांगली पिकलेली केळी, एक सफरचंद सालीसकट किसून, भिजवलेले जवस, मूठभर दाण्याचा कूट, चिमूटभर मीठ, दालचिनी. दहा मिनिटं मुरू द्यायचं, म्हणजे ओट्स पाणी पितात. १७० अंशांवर ४० मिनिटं. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड. दहा वड्या होतात.

दोन वड्यांत ५० ग्रॅम ओट्स येतात, म्हणजे बीटा-ग्लुकन साधारण २ ग्रॅम. साखर १२ ग्रॅमच्या आसपास, सगळी फळांतली. निम्मी झाली, संपली नाही. आणि पाक गेल्याची किंमत मोजावी लागतेच. या वड्या फ्रीजबाहेर पुण्याच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतात. महिनाभर बॅगेत पडून राहणारी वडी मला पाकाशिवाय जमलेली नाही. रविवारचा दीड तास जातो तो वेगळाच.

एप्रिलमधल्या तपासणीत आकडा ५.९ आला. त्याचं श्रेय मी वड्यांना देणार नाही. मी रात्री चालायलाही लागलो होतो. बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि स्वतःच्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवून दिला.

मे महिन्यात गावी जाताना बर्फाच्या डब्यात सहा वड्या नेल्या. काकांनी एक घेतली, वास घेतला, अर्धी मोडली.

"काय काय घातलंय यात?"

"ओट, जवस, केळी, शेंगदाणे."

काका चावत राहिले. गोठ्याकडे एकदा नजर टाकली. तिकडे जवसाची पेंड भिजत होती.

"हे तर आंबोणच की रे," ते म्हणाले, आणि दुसरी वडी उचलली.